अजब बंगला आणि आफ्रिकेची समकालीन कला

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या मध्यवर्ती संग्रहालयाला शहर अजूनही ‘अजब बंगला’ म्हणते. मध्य प्रांताची घडी बसत होती त्या काळात, १८६३ साली, इंग्रज अधिकाऱ्यांनी ते उभारले. लोकांना तिथे काय दिसले ते त्यांनी दिलेल्या नावातच आले आहे. पेंढा भरलेले पशुपक्षी, जुन्या मूर्ती, शस्त्रे, नाणी, आणि त्याच छपराखाली आदिवासींच्या वापरातल्या वस्तू. ज्या शहराचा पाया देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शहाने घातला, त्याच शहरात दीड शतकानंतर गोंडांच्या घरातली वस्तू ‘अजब’ या सदरात जमा झाली.

आफ्रिकेच्या आजच्या कलेबद्दल लिहिताना सुरुवात नागपूरपासून करतो आहे, कारण ‘अजब’ हा शब्द दोन्हीकडे सारखाच लागू पडला. पॅरिसमध्ये १८७८ साली स्थापन झालेले त्रोकादेरोचे मानववंश संग्रहालय हा त्यांचा अजब बंगला होता. १९०७ साली पिकासो तिथे गेला, आफ्रिकी मुखवटे पाहून हादरला, आणि युरोपीय चित्रकलेने वळण घेतले, ही कथा कलेचा इतिहास शिकवणारा प्रत्येक जण सांगतो. त्या मुखवट्यांचे कर्ते कोण होते, हे मात्र कोणी सांगत नाही. त्यांच्याखाली नाव असे ते जमातीचे, फार तर प्रदेशाचे. पिकासो हे एका माणसाचे नाव आणि ‘फांग’ हे एका समूहाचे, या दोन पद्धतींतच पुढच्या शंभर वर्षांचा वाद सामावलेला आहे.

काही वस्तू तर थेट लुटीतून गेल्या. १८९७ साली इंग्रजांच्या फौजेने बेनिनचे राज्य जाळले आणि राजवाड्यातले पितळी पत्रे, हस्तिदंती मुखवटे उचलून नेले. ऐंशी वर्षांनी, १९७७ साली, लागोस शहरात कृष्णवर्णीयांच्या कलांचा मोठा महोत्सव भरला. त्याचे बोधचिन्ह म्हणून बेनिनच्या राजमाता इडिया यांचा हस्तिदंती मुखवटा निवडला गेला. मूळ मुखवटा ब्रिटिश म्युझियममध्ये होता. नायजेरियाने तो महोत्सवापुरता मागितला, म्युझियमने दिला नाही, आणि ज्या देशातून तो गेला त्या देशाला प्रतिकृतीवर भागवावे लागले. बेनिनच्या काही वस्तू जर्मनीने परत केल्या त्या २०२२ साली. आफ्रिकेच्या समकालीन कलेचा ‘अर्थ’ विचारण्याआधी हा हिशेब लक्षात ठेवावा लागतो. तिथल्या कलावंताच्या आजोबांची कला त्याला पाहायची असेल तर बरेचदा व्हिसा काढावा लागतो.

आपल्या चर्चेला थेट जोडलेला प्रसंग १९८९ सालचा आहे. पॅरिसच्या पॉम्पिदू केंद्रात आणि ला व्हिलेतच्या जुन्या बाजार-इमारतीत झाँ-ह्यूबेर मार्तँ याने एक प्रचंड प्रदर्शन मांडले. शंभराहून अधिक कलावंत होते, त्यांतले सुमारे निम्मे युरोप-अमेरिकेबाहेरचे. सगळ्यांना एका पायरीवर आणायचे, हा हेतू चांगला होता. प्रदर्शनाचे नाव होते ‘पृथ्वीचे जादूगार’. ‘कलावंत’ हा शब्द सर्वांना लागू होईल की नाही याची संयोजकांना खात्री नव्हती, म्हणून त्यांनी ‘जादूगार’ म्हणून सुटका करून घेतली. नागपूरकरांच्या ‘अजब’मध्ये आणि पॅरिसच्या ‘जादू’मध्ये मला फारसे अंतर दिसत नाही. दोन्ही शब्दांत कौतुक आहे आणि दोन्ही शब्दांत दार बंद आहे. जादूगाराला कोणी त्याच्या विचाराबद्दल विचारत नाही. त्याची युक्ती काय, एवढेच विचारतात.

या प्रदर्शनात भारतातून गेलेल्यांमध्ये डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे होते, मिथिलेच्या बौआ देवी होत्या आणि मंडला भागातल्या पाटणगढचा तरुण जनगढ सिंह श्याम होता. पाटणगढ आज मध्य प्रदेशाच्या दिंडोरी जिल्ह्यात आहे. पण १९५६ पर्यंत त्या मुलखाची राजधानी नागपूर होती, आणि व्हेरिअर एल्विन चाळीसच्या दशकात ज्या गावी राहिला ते हेच पाटणगढ. आफ्रिकेतून आलेल्यांत किन्शासाचा शेरी सांबा, आयव्हरी कोस्टचा फ्रेडरिक ब्रुली बुआब्रे, दक्षिण आफ्रिकेच्या न्देबेले जमातीतल्या एस्थर माह्लांगू, घानाचा शवपेट्या घडवणारा काने क्वेई अशी मंडळी होती. मशे १९३४ सालचे, माह्लांगू १९३५ च्या. दोघेही भिंतीवर चित्रे काढणाऱ्या समाजातले.

निवडीचे सूत्र सरळ होते. भारतातून आणि आफ्रिकेतून घ्यायचे ते कलाशाळेची पायरी न चढलेले. झारियाच्या महाविद्यालयात १९५८ साली उचे ओकेके आणि त्याच्या मित्रांनी कलासंघ काढला होता, इंग्रजी शिक्षणातले काय घ्यायचे आणि इग्बो घरांच्या भिंतींवरच्या ‘उली’ रेषेतून काय घ्यायचे याचा तीन दशके विचार केला होता. पॅरिसला त्याची गरज भासली नाही, जशी आपल्या बडोदा-मुंबईच्या चित्रकारांचीही भासली नाही. शिकलेला आफ्रिकी चित्रकार त्यांना नक्कल वाटे आणि न शिकलेला अस्सल. पुढे ओक्वुई एन्वेझोर या नायजेरियन समीक्षक-संयोजकाने आयुष्यभर ज्याच्याशी भांडण केले ते हेच सूत्र. २००२ सालचे अकरावे ‘डॉक्युमेंटा’ त्याच्या हाती आले तेव्हा त्याने कासेलमधल्या प्रदर्शनाआधी चर्चांची व्यासपीठे वेगवेगळ्या देशांत भरवली. त्यांतले एक दिल्लीत होते, एक लागोसमध्ये.

आता ‘प्रयोजन’ या शब्दाकडे वळू. मराठी वाचकाला हा शब्द परका नाही. मम्मटाने काव्याची जी प्रयोजने सांगितली त्यांत यश आहे, धन आहे, व्यवहाराचे ज्ञान आहे, अमंगलाचा नाश आहे, आणि आनंदही आहे. कोणते एक खरे आणि बाकीची हलकी, असे त्याने म्हटलेले नाही. ही वाटणी आपण नंतर शिकलो. फडके-खांडेकरांच्या काळात ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ या वादाने आपली दोन दशके खाल्ली. मर्ढेकरांनी सौंदर्याचा विचार लयीच्या नियमांपर्यंत नेला आणि बाकी सारे बाहेर ठेवले. याच सुमारास सेनेगालचा कवी-राष्ट्राध्यक्ष सेंघोर सांगत होता की आफ्रिकेची कला मुळातच उपयोगाची, समूहाची आणि बांधिलकीची असते. ऐकायला हे खांडेकरांच्या बाजूचे वाटते. पण त्यात एक फास होता. युरोपने जे दूषण म्हणून लावले होते (‘यांची कला म्हणजे विधीचे साहित्य’), तेच सेंघोरने भूषण म्हणून स्वीकारले. आफ्रिकी कलावंताला निव्वळ रंगाच्या मोहाने चित्र काढण्याची मुभा दोन्ही बाजूंनी राहिली नाही.

काने क्वेईच्या शवपेट्या या संदर्भात फार बोलक्या आहेत. घानाच्या किनाऱ्यावरच्या टेशी गावात मच्छीमारासाठी माशाच्या आकाराची, कोकोच्या शेतकऱ्यासाठी कोकोच्या शेंगेची, मालदार माणसासाठी मर्सिडीज गाडीची पेटी घडवली जाते. मिरवणूक निघते, पेटी खड्ड्यात जाते, वर माती पडते. चित्राला चौकट असावी तशी त्या वस्तूला माती आहे. पॅरिसच्या दालनात तीच पेटी रिकामी, उघडी, उजेडात ठेवलेली. प्रेक्षक हसतो, थक्क होतो. प्रयोजन काढून घेतले की उरते ते नवल, म्हणजे पुन्हा अजब बंगला. पण याउलटही म्हणता येते, आणि ते मला जास्त पटते. क्वेईला पहिल्या दिवसापासून आकाराची हौस होती. मेलेल्या माणसाला साध्या फळ्यांची पेटीही पुरली असती. मर्सिडीजचे दिवे, माशाचे खवले यांची गरज विधीला नव्हती. उपयोग आणि हौस यांना वेगळे काढणारी सुरी आपल्याकडची आहे, त्याच्या सुतारखान्यातली नाही.

बामाकोच्या मालिक सिदिबेचेही असेच. साठच्या दशकात मालीच्या या राजधानीत त्याचा फोटो स्टुडिओ होता. पोरे-पोरी नव्या कपड्यांत, रेडिओ किंवा मोटारसायकल घेऊन येत आणि फोटो काढून घेत. वर्धा-यवतमाळच्या जुन्या स्टुडिओंत रंगवलेल्या पडद्यासमोर उभे राहून फोटो काढलेल्या पिढीला हे सांगायला नको. २००७ साली व्हेनिसच्या द्वैवार्षिकात सिदिबेला जीवनगौरवाचा सुवर्णसिंह मिळाला. आफ्रिकेतल्या छायाचित्रकाराला तो प्रथमच मिळत होता. त्या फोटोंचे प्रयोजन काय होते? गिऱ्हाईक खूश व्हावे. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशातल्या तरुणांना आपण कसे दिसतो ते पाहायचे होते. एवढ्यावर ते फोटो उभे आहेत आणि पुरेसे उभे आहेत. आपल्या गावोगावच्या स्टुडिओंच्या काचेच्या निगेटिव्ह भंगारात गेल्या, ही बाजूची गोष्ट झाली, पण बोचते.

ज्यांनी हा आरोपित ‘अस्सलपणा’ उलटून टाकला त्यांत यिन्का शोनिबारे आधी आठवतो. लंडनमध्ये शिकणारा हा नायजेरियन तरुण रशियातल्या पेरेस्त्रोइकावर काम करत होता. शिक्षकाने विचारले, तू अस्सल आफ्रिकी कला का करत नाहीस? शोनिबारे बाजारात गेला आणि ज्याला सारे जग आफ्रिकी कापड म्हणते ते भडक रंगांचे मेणछपाईचे कापड त्याने पाहिले. त्याचे कूळ शोधले तर ते निघाले जावा बेटावरच्या बाटिकचे. हॉलंडच्या गिरण्यांनी त्या बाटिकची यंत्रावर नक्कल केली आणि तो माल पश्चिम आफ्रिकेत खपला, इतका की तिथलाच झाला. शोनिबारेने त्याच कापडाचे व्हिक्टोरियन झगे शिवून बिनडोक्याच्या पुतळ्यांना घातले. ज्याला अस्सल पाहिजे होते त्याला हॉलंडची पावती दाखवली. यात आपलाही एक धागा आहे. दक्षिण भारतात विणलेला चौकड्यांचा ‘मद्रास रुमाल’ नायजेरियाच्या कालाबारी लोकांत लग्ना-मर्तिकाचे मानाचे वस्त्र झाला, आणि त्यांना तो पूर्वापार आपलाच वाटतो.

हीच चौकशी आपल्या दारात केली तर काय निघते? ‘पारंपरिक गोंड चित्रकला’ असे आपण सर्रास म्हणतो. दिवाळीच्या कार्डांवर, हॉटेलांच्या भिंतींवर ती आहे. पण कागदावरची ही शैली एका माणसापासून सुरू झाली आणि तिला पुरते अर्धशतकही झालेले नाही. भोपाळचे भारत भवन १९८२ साली उघडले. त्याच्या आधीच्या वर्षी ज. स्वामिनाथन यांची माणसे गावोगाव फिरत होती. त्यांना पाटणगढच्या एका भिंतीवरचे काम दिसले, ते जनगढचे. तो परधान. परधानांचे परंपरागत काम चित्रांचे नव्हे, गाण्याचे. बाना वाजवून गोंड यजमानांच्या वंशावळी आणि देवांच्या कथा गायच्या. स्वामिनाथन यांनी त्याला भोपाळला आणले, कागद आणि पोस्टररंग दिले, आणि जी गाणी ऐकली जात होती ती त्याने दिसायला लावली. ठिपके, आडव्या बारीक रेघा, कंगव्याच्या दात्यांसारख्या ओळी यांनी भरलेले ते हरीण आणि तो वाघ एका व्यक्तीच्या हातून जन्मले. म्हणून जाणकार त्या शैलीला ‘जनगढ कलम’ म्हणतात. न्देबेलेंच्या रंगीत भूमितीच्या भिंती प्राचीन वाटतात, पण त्यांचा आजचा भडक बहर विसाव्या शतकातला आहे, जमिनीवरून हुसकलेल्या लोकांनी शेतमालकांच्या मुलखात ‘आम्ही इथे आहोत’ म्हणून उभा केलेला. दोन्हीकडे आपण परंपरा म्हणतो ती जिवंत माणसांनी घेतलेल्या निर्णयांची गोष्ट आहे. परंपरा म्हटले की निर्णय दिसेनासा होतो आणि निर्णय घेणाराही.

एल अनात्सुई हा या साऱ्याचा सर्वांत मोठा निर्णयकार. जन्म घानाचा, १९४४ चा. शिक्षण कुमासीत, जिथे अभ्यासक्रम इंग्रजी कलाशाळेचा होता. १९७५ पासून तो नायजेरियात, न्सुक्काच्या विद्यापीठात शिकवू लागला. सुरुवातीला त्याने बाजारात माल मांडायचे लाकडी ताट घेतले आणि त्यावर तापल्या सळीने चिन्हे डागली. मग फुटलेली मडकी. पुढे नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्याला दारूच्या बाटल्यांच्या ॲल्युमिनियमच्या झाकणांनी भरलेली पिशवी सापडली. ही झाकणे चेपायची, मुडपायची, पिळायची, तांब्याच्या तारेने एकमेकांना शिवायची. न्सुक्काची तरुण पोरे महिनोन्‌महिने हे काम करतात. हजारो झाकणांचा एक पट तयार होतो, सोनेरी, लाल, काळा. लांबून राजाच्या अंगावरचे केंटे वस्त्र, जवळून देशी दारूच्या कंपन्यांची नावे.

याचा ‘अर्थ’ सांगणारे पुष्कळ आहेत. युरोपीय व्यापाऱ्यांनी दारू आणली, तिच्या बदल्यात आधी सोने आणि मग माणसे नेली. झाकण हे त्या व्यवहाराचे बूच. हे बरोबर आहे आणि अनात्सुईला ते ठाऊकही आहे. पण तेवढ्याने त्या पटाचे वजन कळत नाही. त्याची खरी करामत दुसरीकडे आहे. हे काम कसे टांगायचे याचे तो फर्मान काढत नाही. धातूचा तो पट गोधडीसारखा घडी करून पेटीत घालून जातो, आणि जिथे जाईल तिथली माणसे त्याच्या चुण्या ठरवतात. दर प्रदर्शनात त्याचा आकार बदलतो. शिल्प म्हणजे कायमचे ठाम काहीतरी, ही समजूत तो गुपचूप मोडतो. युरोपच्या संग्रहालयांनी आफ्रिकेच्या वस्तू काचेत गोठवल्या. त्याच संग्रहालयांच्या भिंतीवर त्याने गोठायला तयार नसलेली वस्तू पाठवली. २०१५ साली व्हेनिसमध्ये त्याला जीवनगौरव मिळाला, आणि ते द्वैवार्षिक एन्वेझोरच्या हातचे होते.

अनात्सुईचे गोडवे गाताना एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. आज जगभरच्या द्वैवार्षिकांत ‘आफ्रिकी’ म्हणून जे दिसते त्यातले बरेच काम निवेदनावर चालते. शेजारी लावलेला मजकूर काढला तर भिंतीवर फारसे काही उरत नाही. वसाहतवाद, विस्थापन, ओळख हे शब्द आले की दाद पक्की. पूर्वी कलावंताकडून जादू मागत, आता साक्ष मागतात. चोपन्न देशांच्या खंडाला एकच विशेषण लावण्याची ही दुसरी तऱ्हा. जनगढ कलमाचेही असेच झाले आहे. शेकड्यांनी चित्रकार ठिपके-रेघा भरतात, आणि त्यातल्या पुष्कळांत भरणे हेच चित्र झालेले आहे.

बायकांच्या बाबतीत मात्र दोन्ही गोष्टी फारच वेगळ्या वाटांनी गेल्या, आणि मराठी समीक्षेने इकडे पुरेसे पाहिलेले नाही. वारली चित्र मुळात सवाशिणींचे. लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहायचा, मध्ये पालघट देवी, बाजूला धवलेरी गाणार, आणि चौकाशिवाय लग्न लागणार नाही. मम्मटाच्या यादीतले ‘अमंगलाचा नाश’ हे प्रयोजन इतके उघड क्वचितच दिसते. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्यासारख्यांमुळे कागद आला, १९७६ साली मशे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ साली पद्मश्री. मशे मोठे चित्रकार होते यात वाद नाही. त्यांचे मासेमारीचे जाळे पाहावे. हजारो बारीक रेघांनी विणलेले ते जाळे श्वास घेताना दिसते. २००३ साली ड्युसेलडॉर्फमध्ये रिचर्ड लाँगच्या बरोबरीने त्यांचे काम मांडले गेले ते उगाच नव्हे. पण चौक लिहिणाऱ्या बायका नावाने पुढे आल्या नाहीत. चित्र विधीतून सुटले, बाजारात आले, आणि त्या सुटकेत ते बाईच्या हातून मुख्यत्वे पुरुषाच्या हाती गेले.

माह्लांगूंनी उलटे केले. आई-आजीकडून त्या दहाव्या वर्षी शिकल्या. कोंबडीचे पीस घेऊन, पट्टी न लावता सरळ रेघ ओढतात. १९९१ साली एका जर्मन कंपनीची मोटार त्यांनी न्देबेले नक्षीने रंगवली. नाके मुरडणाऱ्यांनी मुरडली. मला ती मोटार त्यांच्या भिंतींइतकी आवडत नाही. भिंतीला माणसांची ये-जा असते, दाराची उंची असते, मोटारीला नुसता पत्रा. पण मोटारीवर सही त्यांची आहे, पैसा त्यांचा आहे, आणि आपल्या अंगणात त्या पुढच्या पिढीला शिकवतात. गंजाडच्या चौक लिहिणाऱ्या बाईला यातले काय मिळाले, हा प्रश्न कलेबाहेरचा आहे असे कोणी म्हणेल तर मम्मटाची यादी त्याने पुन्हा पाहावी. त्यात ‘धन’ आहे.

मराठीत ‘अर्थ’ शब्दाचे दोन अर्थ आहेत, हे या विषयात बरेच उपयोगी पडते. जनगढची कहाणी दोन्ही अर्थांनी अस्वस्थ करते. भोपाळच्या विधान भवनाच्या भिंतींवर त्याची चित्रे आहेत, पॅरिसला तो जाऊन आला, आणि तरीही जपानच्या निइगाता भागातल्या एका खासगी संग्रहालयात तो कामाला गेलेला असताना जुलै २००१ मध्ये त्याने तिथेच जीव दिला. तेव्हा तो चाळिशीच्या आतबाहेर होता. त्याच्यासारख्या कीर्तीचा शहरी चित्रकार अशा अटींवर, घरादारापासून दूर, महिनोन्‌महिने चित्रे पाडत बसला असता का? यशाने त्याला कलावंत ठरवले होते, व्यवहाराने मजूर.

म्हणून घानाच्या इब्राहिम महामाकडे लक्ष द्यावेसे वाटते. १९८७ चा जन्म. कोकोच्या वाहतुकीत वापरलेली, फाटलेली तागाची पोती गोळा करून तो ती शिवतो आणि त्यांनी अख्ख्या इमारती झाकतो. ही पोती येतात आशियातून, आपल्या आणि बांगलादेशच्या बाजूने. त्यांच्यावर कोको, मग धान्य, मग कोळसा वाहिल्याचे डाग असतात. व्हेनिस, कासेल सगळीकडे ती पोती टांगली गेली. त्यातून जो पैसा आला तो महामाने उत्तर घानातल्या टामाले या आपल्या गावी लावला. ‘रेड क्ले’ नावाचा विटांचा मोठा परिसर उभा केला, जुने रेल्वेचे डबे आणून ठेवले, शाळेची मुले तिथे मोकळी फिरतात. प्रदर्शनाचा पैसा उलट्या दिशेने वाहू लागला की ‘प्रयोजन’ हा शब्द परिसंवादातून बाहेर पडतो.

बुआब्रेने आपल्या बेते भाषेला लिपी नाही म्हणून पन्नासच्या दशकात चारशेहून अधिक अक्षरचिन्हे घडवली. नंतर पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यांवर बॉलपेन आणि रंगीत पेन्सिलींनी सारे जग नोंदवत बसला. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०२२ साली त्याचे मोठे प्रदर्शन भरवले. तिथे ती कार्डे चित्रे म्हणून टांगली गेली. त्याला मुळात लिहायचे होते. आपल्याकडे १९१८ च्या सुमारास बालाघाटकडच्या मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी गोंडीसाठी लिपी केली, तेव्हा बालाघाट नागपूरच्याच प्रांतात होते. मसरामांच्या अक्षरांकडे रेषा म्हणून पाहावे असे आपल्या एकाही चित्रसमीक्षकाला वाटले नाही.

या प्रश्नांची ओळख मराठीला चित्रांतून झाली नाही, साहित्यातून झाली. १९७२ साली दलित पँथरने नाव घेतले ते अमेरिकेतल्या काळ्यांच्या चळवळीचे. दलित साहित्य आले तेव्हा त्यालाही हेच विचारले गेले : यातली साक्ष कळली, कला कुठे आहे? शरणकुमार लिंबाळे यांनी १९९६ साली दलित साहित्याच्या सौंदर्यशास्त्राचा मुद्दा ग्रंथरूपाने मांडला. रसिकाच्या आनंदाच्या मापाने हे साहित्य मोजता येणार नाही, असा त्यांचा रोख होता. हा वाद मराठी समीक्षेने शब्दांपुरता लढला. रंग-रेषेपर्यंत तो गेला नाही. विदर्भात घरोघरी, विहारांत, फलकांवर बाबासाहेबांची चित्रे आहेत, पण त्या चित्रांबद्दल समीक्षेने लिहावे असे फारसे झाले नाही.

तो नेला दोन परधान गोंड चित्रकारांनी. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांनी चितारलेले ‘भीमायन’ २०११ साली इंग्रजीत निघाले. मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा. मसूर स्टेशनावर उतरलेली पोरे आणि गाडीवानाचा नकार, महाडचे तळे, बडोद्यात न मिळालेले घर, दौलताबादचे पाणी. प्रसंग आपल्याला पाठ आहेत. व्यामांनी चित्रकथेच्या चौकोनी खिडक्या नाकारल्या. माणसांना खोक्यात कोंडायचे नाही म्हणून पाने मोकळी सोडली आणि अंगणात काढतात त्या दिग्नाच्या वळणदार नक्षीने प्रसंग वेगळे केले. रेल्वे सापासारखी पसरते. सौम्य बोलण्याचे फुगे पक्ष्याच्या आकाराचे, आणि जातीचे विष ओकणाऱ्या बोलण्याचे फुगे विंचवाच्या नांगीचे. कोण काय बोलतो ते वाचण्याआधी डोळ्यांना डंख बसतो. किन्शासाचा शेरी सांबा चित्रातच मजकूर लिहितो, कारण रस्त्यावरच्या माणसाने थांबून वाचावे. व्यामांनी मजकुराला अवयव दिले.

जनगढचा पुतण्या भज्जू श्याम याने लंडनच्या हॉटेलात भिंती रंगवायला जाऊन ‘द लंडन जंगल बुक’ केले ते २००४ साली. त्यात बिग बेन कोंबडा झाला आणि भुयारी रेल्वे गांडूळ. लंडन अजब ठरले. त्या विनोदाची मजा मोठी आहे, पण ‘भीमायन’चे धाडस मला अधिक वाटते. एका आदिवासी समाजातल्या चित्रकारांनी दुसऱ्या पीडित समाजाचा इतिहास आपल्या रेषेत घेतला. ‘आपलीच’ कथा सांगण्याची, आपलीच ओळख मांडण्याची जी सक्ती आफ्रिकी आणि आदिवासी कलावंतावर असते ती त्यांनी जुमानली नाही. शोनिबारेच्या शिक्षकाला व्यामांनाही विचारता आले असते : तुम्ही अस्सल गोंड विषय का घेत नाही?

या चित्रांची मूळ पाने भोपाळच्या एका घरात काढली गेली. ती जिथे प्रथम भिंतीवर लागायला हवी होती ते शहर दीक्षाभूमीचे, आणि ते गोंड राजाने वसवलेले. भोपाळला भारत भवन आहे, २०१३ पासून राज्याचे जनजातीय संग्रहालय आहे, आणि त्या दोहोंच्या आधाराने पाटणगढची बरीच घरे चित्रांवर जगायला शिकली. नागपूरला १९८६ पासून दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे, शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे, आणि सिव्हिल लाइन्समध्ये तो बंगला आहेच. दुर्गाबाईंनी काढलेले महाडचे तळे त्याच्या एखाद्या दालनात, खाली जमातीऐवजी त्यांचे नाव लिहून, अजून लागायचे आहे.